सामने बंद असतात तेव्हा मी काय बघतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या घरी पहिल्यांदा येणारं माणूस असो की पुण्याहून फोन करणारा माझा आतेभाऊ, प्रश्न साधारण एकच असतो. "फेब्रुवारीत सुपर बोल झाला की सप्टेंबरपर्यंत एनएफएलचा सामना नाही. मग मार्चपासून तुम्ही वहीत लिहिता तरी काय? खेळच बंद असताना पुढच्या वर्षी कोण चालणार हे कळतं कसं?"

ज्यांना फँटसी फुटबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची बत्तीस संघांची लीग, सुपर बोल हा तिचा अंतिम सामना. आमची बारा मित्रांची लीग आहे. ऑगस्टअखेर आम्ही कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतो आणि पाळीपाळीने एनएफएलचे खेळाडू निवडतो. ड्रीम इलेव्हनमध्ये एकच खेळाडू लाखो लोक घेऊ शकायचे, इथे तसं नाही. एकाने घेतला की बाकी अकरा जणांना तो मिळत नाही, आणि तो हंगामभर आपला. त्याने प्रत्यक्ष सामन्यात कमावलेल्या दर १० यार्डांना एक गुण, टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे नेला की सहा, झेलाला अर्धा. पैसे लावत नाही. जो शेवटचा येतो त्याने संक्रांतीला सगळ्यांना जेवायला बोलवायचं. खेळ जुना आहे. ओकलंड रेडर्सच्या मालकांपैकी एक असलेल्या बिल विंकनबाकने १९६२ साली संघाच्या दौऱ्यात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात सोबत्यांबरोबर बसून त्याचे नियम लिहिले, आणि पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये पहिली निवड झाली.

आता उत्तर. मी खेळाडूपेक्षा त्याच्या आजूबाजूची माणसं जास्त बघतो. सहा महिन्यांत खेळाडूचे पाय फारसे बदलत नाहीत. त्याचं घर बदलतं. त्याच्यासाठी वाट मोकळी करणारे कोण, चेंडू कुणाला द्यायचा हे ठरवणारा प्रशिक्षक कोण, त्याच्या वाट्यातला चेंडू खाणारा दुसरा कोण, या सगळ्या गोष्टी मार्च ते ऑगस्टमध्येच उलथापालथ होतात. सामने नसतात म्हणून लोक तिकडे बघत नाहीत, एवढंच.

सेकॉन बार्कलीचं, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या एका रनिंग बॅकचं, उदाहरण घेतो, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. २०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, न्यूयॉर्क जायंट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचललं, आणि पहिल्याच वर्षी त्याने धावून आणि झेलून मिळून २,०२८ यार्ड केले. जायंट्स नावाला न्यूयॉर्कचे. खेळतात आमच्या न्यू जर्सीतच, ईस्ट रदरफर्डला. माझ्या मुलाचा पहिला जर्सी शर्ट २६ नंबरचा होता. २०२० साली शिकागोत त्याचा गुडघा गेला. तो परत उभा राहिला, पण २०२२ सोडलं तर संघ काही उभा राहिला नाही. २०२३च्या हंगामात जायंट्सच्या क्वार्टरबॅकना (डाव चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) चेंडू फेकण्याआधीच ८५ वेळा जमिनीवर लोळवलं गेलं. लीगच्या इतिहासात याहून वाईट आकडा एकाच संघाचा आहे. तीन क्वार्टरबॅक वापरून झाले. वाट मोकळी करणाऱ्या पाच जणांच्या अशा ओळीमागून धावताना बार्कलीने १४ सामन्यांत ९६२ यार्ड केले, म्हणजे एका धावेला चार यार्डही नाहीत.

त्याच वर्षी हंगामाआधी आणखी एक गोष्ट झाली होती आणि ती मला आजही बोचते. जायंट्सने त्याला लांब मुदतीचा करार न देता फ्रँचायझी टॅग लावला. टॅग लावला की खेळाडू एका वर्षासाठी ठरलेल्या पगारावर त्याच संघाशी बांधला जातो. रनिंग बॅकसाठी तो पगार सुमारे १ कोटी डॉलर होता. आपल्याला ती रक्कम डोळे दिपवणारी वाटते. पण या माणसाचं काम असं आहे की दर सामन्यात वीस वेळा शंभर-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर कोसळतात, आणि सत्तावीस-अठ्ठावीसाव्या वर्षी त्याला म्हातारा ठरवतात. त्या जुलैत नावाजलेले रनिंग बॅक व्हिडिओ कॉलवर एकत्र बसले आणि आपल्या पेशाची किंमत का घसरते आहे यावर बोलले. मी त्या दिवशी वहीत कुणाचाही आकडा लिहिला नाही.

मार्च २०२४ मध्ये बार्कली मोकळा झाला आणि फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. तीन वर्षांचा, सुमारे पावणेचार कोटी डॉलरचा करार. जायंट्सचा चाहता असणाऱ्याला याहून कडू बातमी नसते. आमच्या राज्याचा उत्तर भाग जायंट्स-जेट्सचा, दक्षिण भाग ईगल्सचा, आणि मराठी घरंही तशीच वाटली गेलेली आहेत. मुलाने २६ नंबरचा शर्ट कपाटात तळाला ठेवून दिला. मी वही काढली.

ईगल्सच्या ओळीत डावीकडे जॉर्डन मायलाटा. हा सिडनीचा, रग्बी लीग खेळणारा. २०१८ साली सातव्या फेरीत निवडला गेला तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. त्याच्या शेजारी लँडन डिकरसन, पलीकडच्या टोकाला लेन जॉन्सन, आणि या सगळ्यांना घडवणारा प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड. प्रश्नचिन्ह एकच होतं. मधल्या, म्हणजे सेंटरच्या जागी वर्षानुवर्षं खेळलेला जेसन केल्सी त्याच महिन्यात निवृत्त झाला आणि त्याची जागा कॅम जर्गन्स घेणार होता. शिवाय क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स स्वतः धावणारा. चेंडू हर्ट्स ठेवणार की बार्कलीला देणार हे कळेपर्यंत समोरचा एक बचावपटू क्षणभर थबकतो. बार्कलीसारख्या माणसाला तो क्षण पुरतो. 

मित्रांचं म्हणणं वेगळं होतं, आणि त्यातही तथ्य होतं. गोलरेषेपाशी एक यार्ड उरला की ईगल्स हर्ट्सला मागून ढकलून पलीकडे नेतात. २०२३ मध्ये हर्ट्सने धावून १५ टचडाउन केले होते. म्हणजे बार्कली शेतात राबणार आणि खळ्यावरचं धान्य दुसरा नेणार. शिवाय वय २७. मी तरीही दहाव्या क्रमांकावर त्याचं नाव घेतलं. एका यार्डावरचं टचडाउन हर्ट्स नेईल, पण या ओळीमागून बार्कली एका यार्डापर्यंत थांबेलच कशाला, असं माझं गणित होतं.

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. ईगल्सचा पहिला सामना ब्राझीलमध्ये, साओ पावलोला. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी गणपती यायचे होते. हरितालिकेची पूजा आटोपून बायको बसली होती, मी मखराला झिरमिळ्या लावत होतो आणि मुलगा टीव्हीसमोर. बार्कलीने तीन टचडाउन केले. तिसऱ्याला मुलगा उठला, आत गेला आणि तो शर्ट घालून आला. रंग जुन्या संघाचा, नंबर तोच.

पुढचं तुम्हाला शोधलंत तर सापडेलच. २,००५ यार्ड, एका धावेला सरासरी ५.८. माणूस तोच, घर वेगळं. शेवटच्या सामन्यात एरिक डिकरसनचा १९८४चा २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला त्याला १०१ यार्ड हवे होते, समोर जायंट्स होते, आणि ईगल्सने प्लेऑफसाठी, म्हणजे पुढच्या बाद फेऱ्यांसाठी, त्याला विश्रांती दिली. फेब्रुवारीत त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी ईगल्सने सुपर बोल जिंकला.

मग २०२५चा उन्हाळा आला आणि सगळे मला म्हणाले, यंदाही त्यालाच घेणार ना? मी वहीत एकच आकडा लिहिला होता: ४८२. प्लेऑफ धरून इतक्या वेळा त्या हंगामात चेंडू त्याच्या हातात आला होता. एका हंगामात २,००० यार्ड धावलेले आजवर नऊ जण आहेत, आणि दुसऱ्यांदा ते कुणालाच जमलेलं नाही. टेरेल डेव्हिसने १९९८ साली ते केलं आणि पुढच्याच वर्षी चौथ्या सामन्यात त्याचा गुडघा फाटला. पुन्हा तो पूर्वीचा डेव्हिस झाला नाही. त्यात बार्कलीला खुलवणारा, आक्रमणाचे डाव आखणारा समन्वयक केलन मूर न्यू ऑर्लीन्सचा मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेला होता. मी त्याला पहिल्या फेरीत घेतलं नाही. घ्यायची इच्छा मात्र फार होती. त्या हंगामात ओळीतले गडी जखमी होत राहिले आणि बार्कली दोन हजारांच्या आसपासही पोचला नाही.

हे वाचून कुणाला वाटेल की मार्चची वही सगळं सांगते. नाही सांगत. २०२३च्या एप्रिलमध्ये नावाजलेला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे आला तेव्हा मी पानंच्या पानं लिहिली होती. जेट्सच्या गॅरेट विल्सनसारख्या रिसीव्हरला, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याला, अखेर खरा क्वार्टरबॅक मिळाला म्हणून त्याला वरच्या क्रमांकावर घेतलं. ११ सप्टेंबरच्या रात्री मी एका जेट्सप्रेमी मित्राबरोबर मेटलाइफ स्टेडियममध्ये होतो. रॉजर्स हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन मैदानात धावत आला तेव्हाचा आवाज छातीत जाणवत होता. चौथ्या खेळीनंतर तो खाली बसला. टाचेची शीर तुटली होती. काही वेळ स्टेडियममध्ये शेजारच्याचा श्वास ऐकू यावा अशी शांतता होती. माझ्या फोनवर लीगच्या ग्रुपमध्ये कुणीतरी "विल्सन गेला कामातून" असं टाकलं, आणि मला ते वाचवेना. विल्सनने त्या वर्षी ९५ झेल घेतले आणि टचडाउन फक्त तीन. पण त्या रात्री समोर बसलेला माणूस एकोणचाळीस वर्षांचा होता आणि त्याला आपलं पाऊल टेकवता येत नव्हतं. तेव्हापासून आमच्या लीगचा नियम आहे: खेळाडू मैदानात पडलेला असताना ग्रुपवर गुणांचं बोलायचं नाही. बाराही जण तो पाळतात.

पुढच्याच वर्षी रनिंग बॅक ख्रिश्चन मकॅफ्री. बहुतेकांच्या यादीत पहिला, आमच्याकडेही पहिलाच गेला, आणि हंगामभरात चार सामने खेळला. उलटही घडतं. रिसीव्हर पुका नाकुआ २०२३च्या ड्राफ्टमध्ये १७७वा होता, माझ्या वहीत त्याचं नाव नव्हतं, बाराजणांपैकी कुणाच्याच नव्हतं. त्याच्याच संघातला रिसीव्हर कूपर कप जखमी असल्याने त्याला जागा मिळाली आणि १०५ झेल, १,४८६ यार्ड, दोन्ही तेव्हाचे रूकीचे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूचे, विक्रम.

बाकी उन्हाळ्यातल्या बातम्यांचं मी फारसं मनावर घेत नाही. मे महिन्यात वेळापत्रक येतं, त्यातून सुट्टीचे आठवडे टिपून ठेवतो. जूनमध्ये प्रत्येक खेळाडू "आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत" असल्याचं छापून येतं, ते वाचून सोडून देतो. जुलैअखेर ट्रेनिंग कॅम्प सुरू झाला की मात्र रोज सकाळी चहाबरोबर एक गोष्ट बघतो: ओळीतल्या पहिल्या पाचांबरोबर कोण धावतो आहे. प्रशिक्षक पत्रकारांना काहीही सांगोत, सरावात तो कुणाला कुठे उभं करतो ते दिसतं.

यंदा कुणाला घेऊ, असं तुम्ही शेवटी विचारताच. माझ्या वहीत मार्चचं पहिलं पान कधीच रनिंग बॅकचं नसतं. त्यावर बत्तीस संघांच्या सेंटरची नावं असतात, जुनं खोडून नवं लिहिलेली. तुम्ही तुमच्या आवडत्या धावणाऱ्याचं नाव मला सांगा. मी आधी तेच पान उघडतो.