युद्धकाळातील हाइड पार्क

लंडनच्या हाइड पार्कमध्ये 1938 च्या सप्टेंबरातच खंदक खणले गेले आणि युद्ध पेटल्यावर तिथे विमानविरोधी तोफा उभ्या राहिल्या, लोखंडी कठडे भंगारात गेले, हिरवळीच्या जागी भाजीचे वाफेही आले. तरीही मार्बल आर्च या कमानीजवळच्या, कुणीही उभे राहून भाषण करावे अशा ‘स्पीकर्स कॉर्नर’ या कोपऱ्यात वक्ते पेटीवर चढून बोलतच राहिले. शांततावादी धर्मोपदेशक डोनाल्ड सोपर यांनी तर 1942 मध्ये, म्हणजे ऐन युद्धात, तिथे नियमित भाषणे सुरू केली. मला नवल त्यांच्याइतकेच श्रोत्यांचे वाटते, कारण ज्यांच्या शहरावर बॉम्ब पडले होते, त्यांनीच हा युद्धविरोध उभ्याने ऐकून घेतला. त्याच वर्षी 9 ऑगस्टला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर मात्र त्याच साम्राज्याच्या पोलिसांनी जमावावर अश्रुधूर सोडला.