कारण : इतर

रविवार, रात्र. पाऊस आहेच.

जपानमधल्या ओसाकाच्या माझ्या विद्यार्थिनीने इंग्रजीच्या ऑनलाइन तासांची वर्गणी पुढे चालू ठेवली नाही. निरोप नाही, आभार नाहीत, तक्रारही नाही. प्लॅटफॉर्मचा ठरलेला ईमेल आला, त्यात तळाला एक ओळ. कारण : इतर.

बंद करताना समोर एक यादी येते, त्यातलं एक निवडायचं असतं. महाग वाटतं, वेळ जमत नाही, हवं ते साध्य झालं, शिक्षक पटले नाहीत, आणि सर्वांत खाली इतर. 'शिक्षक पटले नाहीत'वर बोट ठेवलं असतं तर मनातल्या मनात भांडता तरी आलं असतं. 'इतर'शी कोण भांडणार?

आपल्याकडे दुधाचा रतीब बंद करायचा असला तरी माणूस चार दिवस आधी सांगतो. कारणही देतो, खोटं का असेना. पाहुणे गेले, डॉक्टरांनी साय बंद केली. दूधवाल्याला खोटं कळतं, तरी तो मान डोलावतो आणि दोघांचंही समाधान होतं. माझ्या वाट्याला तेवढं खोटंही आलं नाही.

वहिनी म्हणाल्या, एक गेली तर दुसरी येईल. येईल ना. पैशाचं नाहीच हे. पैशाचंही आहे, पण ते वेगळं.

मग संध्याकाळभर एकेक तपासत बसले.

आधी आवाज. पावसाळ्यात पहिला संशय त्याच्यावरच. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की हात आपोआप झूमच्या नॉइज सप्रेशनकडे जातो आणि माणूस ते 'हाय'वर टाकतो. पाऊस गायब होतो, पण त्याच्यासोबत 'स', 'फ', 'थ' हे नुसत्या हवेचे आवाजही खरवडले जातात, कारण यंत्राला पाऊस काय आणि 'स' काय, दोन्ही खसखसच. समोरची व्यक्ती 'थिंक' आणि 'सिंक' वेगळं करायला धडपडत असते आणि आपण तिला दोन्हीकडे 'इंक' ऐकवतो. म्हणून ते 'लो'वर ठेवायचं आणि दार-खिडकीला जाड गोधडी लावायची. ब्लूटूथचंही तेच. गाणं ऐकताना तो सुंदर वाजतो, पण माइक चालू झाला की फोन-कॉलच्या मोडवर उतरतो. जुन्या संचात तेव्हा चार हजार हर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही, आणि 'स'चा सगळा जोर त्याच्याच वर. तारेचा हेडसेट, माइक ओठांच्या समोर नाही तर कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर, म्हणजे 'प'-'फ'चा फुत्कार थेट त्यावर आदळत नाही. माझं हे सगळं असंच आहे. म्हणजे आवाज नाही.

नेट? एकास-एक तासाला ७२० पिक्सेलचं चित्र हवं तर झूमला साधारण १.२ एमबीपीएस पुरतं. तेवढं कुठल्याही कनेक्शनला असतं. तास बिघडतो तो वेग कमी पडल्याने नव्हे, वेग दर सेकंदाला कमी-जास्त झाल्याने. वायफाय सोडून लॅनची तार लावली की निम्मा त्रास संपतो. उरलेला निम्मा लाइटचा. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाइट गेल्यावर तो उचलायला क्षणभर वेळ घेतो. पंख्याला ते कळतही नाही, राउटर मात्र रीस्टार्ट मारतो आणि दोन-तीन मिनिटं गेली. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर करायचं, नाहीतर राउटरला छोटा डीसी यूपीएस लावायचा. तो घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही वाचायचे. व्होल्ट बहुतेक १२ असतात, अँपिअर मात्र एक, दीड, दोन असे वेगवेगळे, आणि कमी अँपिअरचा घेतला तर तो ऐन वेळी मान टाकतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही आधार लागतो, हे लोक विसरतात. राउटर जिवंत आणि नेट मेलेलं!

पंचगंगेच्या पुराचं तर विचारूच नका. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टमध्ये तो आकडा बघूनच पुढच्या आठवड्याचे स्लॉट उघडायचे. दोन दिवस आधी सांगून सुट्टी घेतली तर कुणी काही म्हणत नाही, ऐनवेळी गायब झालं की प्रोफाइलवर डाग राहतो. तिचा एकही तास पुरात गेलेला नाही. तेही नाही.

वेळ? आमच्या पाचला तिकडे साडेआठ. बारा महिने तेच, कारण घड्याळ पुढे-मागे करायची भानगड जपानमध्येही नाही, आपल्याकडेही नाही. स्पेन-जर्मनीवाल्यांशी मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर हमखास चुकामूक होते. इकडे तो प्रश्नच नव्हता.

उरले ते उच्चार. खरं तर संध्याकाळभर मी याच्याच भोवती फिरत होते, गोधडी आणि अँपिअर ही टाळाटाळ होती.

ज्यांना जन्माने इंग्रजी बोलणाराच हवा असतो ते ट्रायलच्या तासाआधीच गळतात, फिल्टर लावून. ती गळली नव्हती. आमचा 'व' एकच. व्हेस्ट आणि वेस्टला आपण तोच वापरतो, आणि तिच्या तोंडी व्हेस्टचा 'बेस्ट' होतो. त्यामुळे तो धडा दोघींनाही आरशासमोर बसून करावा लागतो. वरचे दात खालच्या ओठावर म्हणजे 'व्ही', ओठांचा चंबू म्हणजे 'डब्ल्यू'. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि खिडकी समोर असेल तरच हे दिसतं, खिडकी पाठीशी घेतली तर नुसती काळी सावली शिकवते.

पण जन्माने इंग्रजी बोलणाऱ्याला जे दिसत नाही ते मला दिसायचं, हे मी आज पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतेय. तिचं वाक्य कुठे अडतं ते मला आधी कळायचं. 'काल वॉर्डात नवीन डॉक्टर आल्या.' जपानीतही हाच क्रम, क्रियापद शेवटी. 'वॉर्डा'ला 'त' मागून लागतो, तसंच त्यांचंही मागूनच लागतं. प्रश्नाला शेवटी 'का' जोडलं की काम झालं, ही सोय दोन्हीकडे. इंग्रजीत मात्र तोंड उघडतानाच क्रियापद हातात हवं. ती 'यस्टर्डे... वॉर्ड...' म्हणून थांबायची ती शब्द येत नाही म्हणून नव्हे, 'आल्या' अजून यायच्या होत्या म्हणून.

यावर उपाय साधा आहे, फक्त चिकाटीने करावा लागतो. आधी फक्त दोन शब्द, कर्ता आणि क्रिया : 'शी केम.' मग मी विचारायची, कुठे? 'शी केम टु द वॉर्ड.' कधी? का? कुणासोबत? एकेक डबा मागे जोडत न्यायचा आणि प्रत्येक वेळी वाक्य सुरुवातीपासून म्हणायचं. दीड मिनिट एका वाक्याला, तासात सहा-सात वाक्यं, त्याहून जास्त नाही. 'अ' आणि 'द'च्या मागे सुरुवातीला लागायचंच नाही, दोघींच्याही भाषेत ते नाहीत. आधी खोलीतल्या, दोघींना दिसणाऱ्या वस्तूंना 'द' लावायची सवय करायची, 'अ' नंतर.

बोलताना मध्येच चूक धरायची नाही. बाजूला तीन रकाने : काय म्हटलं, कसं म्हणता येईल, का. फार तर पाच चुका लिहायच्या आणि शेवटच्या आठ मिनिटांत पडद्यावर दाखवायच्या. पंचवीस दाखवल्या तर शिक्षकाला समाधान आणि विद्यार्थ्याला ताप.

आणि गप्प बसायचं. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी वर्गात मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब नि चांगली येतात. ऑनलाइन त्यात आवाज पोचायचा उशीर धरला तर पाचपर्यंत मोजावं. मी टेबलाखाली बोटं मोजायची. आता वाटतं, तिला ती शांतता मदत वाटली की परीक्षा? विचारायला हवं होतं म्हणावं, तर विचारलं असतं तरी ती 'फाइन' म्हणाली असती.

की ती आता मोबाइलमधल्या एआयशीच बोलते? तो रात्री दोनलाही उत्तर देतो आणि त्याला बोटं मोजावी लागत नाहीत. जाऊ दे, हे आज नको.

तर एवढं सगळं उलटसुलट तपासून निष्कर्ष काय, तर हेडसेट चांगला आहे.

हसू आलं ते बरं झालं. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने खासगी शिकवण्यांवर बंधनं आणली, देशाबाहेर बसून तिथल्या मुलांना शिकवायला मनाई केली, आणि जगभरातल्या हजारो इंग्रजी शिक्षकांचं काम बघता बघता गेलं. त्यांना निदान कारण सरकारी कागदावर छापून मिळालं. माझं एक स्लॉट रिकामं झालंय आणि मी घरात सुतक धरल्यासारखी बसलेय.

पैशाचं म्हटलं होतं, तेही लिहून टाकते. दहा डॉलरच्या तासातून प्लॅटफॉर्मचं ३३ टक्के कमिशन गेलं की ६.७० उरतात, तास वाढत वाढत कमिशन १८ टक्क्यांवर उतरलं की ८.२०. ट्रायलच्या तासाचं आपल्याला काहीच नाही. म्हणजे जुनी विद्यार्थिनी जाते तेव्हा नुसती तिची फी जात नाही, तिच्या जागी जो येईल त्याचा एक तास आधी फुकट शिकवायचा असतो. शिवाय पैसे इकडे आणताना दोनदा कात्री, एकदा काढण्याची फी आणि एकदा डॉलरच्या भावात. काढण्याची फी ठरावीक असेल तर आठवड्याला काढायचे नाहीत, महिन्यातून एकदाच. आणि बँकेकडून परकीय रकमेचं ॲडव्हाइस दर वेळी डाउनलोड करून ठेवायचं, मार्चमध्ये सीएसमोर शोधत बसायचं नाही.

एक गोष्ट मात्र रात्री जेवताना सुचली. नकाशावर रस्ता विचारणं, दुखणं एक ते दहामध्ये सांगणं, नोकरीची मुलाखत, हे सगळं कोर्सच्या पुस्तकांत असतं. शिक्षकाला 'आता पुरे' कसं म्हणायचं याचा धडा कुठल्याच पुस्तकात मी पाहिला नाही. परक्या भाषेत नम्रपणे निघून जाणं हे मधल्या पातळीवरच्या माणसाला फार अवघड असतं. तीन ओळी जुळवताना 'हे उद्धट तर वाटणार नाही?' म्हणत माणूस तो ईमेल पुसतो आणि यादीतलं सर्वांत खालचं बटण दाबतो. हे असंच झालं असेल असं नाही. पण हे मला आवडलं, म्हणून आजपुरतं हेच.

प्रत्येक विद्यार्थ्याच्या चौथ्या-पाचव्या तासाला हा धडा घालायचाय. 'आय'ड लाइक टु टेक अ ब्रेक फ्रॉम लेसन्स.' मग आभाराची एक ओळ, मग 'आय'ल मेसेज यू इफ आय स्टार्ट अगेन.' वीस मिनिटं, दोन्ही बाजूंनी भूमिका बदलून. मीच त्यांना मला सोडायला शिकवणार, वहिनींना हे सांगितलं तर त्या दोन दिवस हसतील.

पाचच्या जागेवर शिरोलीच्या फौंड्रीतले एक नवे विद्यार्थी आले असते, पण त्यांना सात हवेत, शिफ्ट बदलल्यावर. ठीक. त्यांना व्याकरण नकोय, जर्मनीतल्या गिऱ्हाइकासमोर कास्टिंगचं रिजेक्शन समजावून सांगायचंय. त्यांचं 'द कास्टिंग इज हॅविंग ब्लो होल' (म्हणजे ओतकामात हवेने राहिलेलं छिद्र) मोडून 'देअर'ज अ ब्लोहोल निअर द फ्लँज' असं करायचं. आधी कुठे आणि किती नग, मग माल अडवला का, आणि कारण सगळ्यात शेवटी. आपली माणसं कारणापासून सुरू करतात आणि समोरचा आकड्याची वाट बघत ताटकळतो. त्यांच्याकडून एक जुना '8D' रिपोर्ट, म्हणजे मालातल्या दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा कागद, मागवलाय, कंपनी आणि गिऱ्हाइकाचं नाव खोडून, तोच पहिल्या महिन्याचा अभ्यास. 'डू द नीडफुल' आणि 'काइंडली रिव्हर्ट' ही आपल्याकडची ऑफिसची वळणं तिसऱ्या तासापर्यंत मोडायची नाहीत, एकदम सगळं काढलं तर माणूस बोलायचाच थांबतो.

डेमो फुकट आहे ना, हे त्यांनी फोनवर दोनदा विचारलं. फी महिन्याची आणि आगाऊ, हे उद्या मराठीतच सांगणार.