हवेत लटकलेला ठिपका

जेनेटिक असोसिएशनच्या (डीएनएमधला कुठला फरक आजाराशी जोडलेला आहे ते शोधायच्या) डेटावर काम करणाऱ्यांना मॅनहॅटन प्लॉट (तपासलेल्या प्रत्येक जागेचा एक ठिपका, जितका वर तितका आजाराशी संबंधाचा पुरावा जास्त) उघडतानाची धाकधूक वेगळी सांगायला नको. त्या दिवशी प्लॉट आला आणि पी व्हॅल्यूच्या (नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता) ५×१०⁻⁸ च्या रेषेच्या कितीतरी वर एक ठिपका, आमचे सर खुर्चीतून उठलेच. (लाखो ठिकाणी टेस्ट मारायच्या आणि ०.०५ धरायचं तर नुसत्या योगायोगाने हजारो जागा "सापडतील", म्हणून ही रेषा एवढी कडक.) लॅम्डा (सगळे निकाल एकंदरीत फुगलेत का ते सांगणारा आकडा) बघितला तर १ च्या जवळ, म्हणजे ठीक, पीसीए (पूर्वजांमधला फरक हिशोबात धरायची पद्धत) पण लावलेलं, म्हणजे केसेस (आजारी) आणि कंट्रोल्सचे (निरोगी) पूर्वज वेगळे म्हणून आलेला खोटा निकाल नसावा. झालं, सर पेपरचं टायटल ठरवायला लागले.

मला खटकत होतं की ठिपका एकटाच आहे. खरा सिग्नल असला की आजूबाजूचे एसएनपी (डीएनएमध्ये माणसागणिक एका अक्षराचा फरक असलेल्या जागा) पण वर येतात, कारण ते सहसा जोडीनेच वारशात येतात. इथे खाली कुणीच नाही. आणि लॅम्डाचं काय घेऊन बसलात, तो सगळ्या टेस्टचा मिडियन बघतो, एखादा एसएनपी बिघडला तर त्याला पत्ताही लागत नाही.

मग त्या एसएनपीचे क्लस्टर प्लॉट काढले (यात माणसांचे एए, एजी, जीजी असे अक्षरांच्या जोडीप्रमाणे तीन घोळके दिसतात). कंट्रोल्सचे तीन घोळके स्वच्छ वेगळे, पण केसेसमध्ये मधला घोळका सरकून शेजारच्याला चिकटलेला, म्हणजे एजी असलेल्या कित्येकांना सॉफ्टवेअर बिनधास्त एए म्हणत होतं. लॅबला फोन लावला तर केसेस नव्या चिपवर (डीएनए तपासायची पट्टी) आणि कंट्रोल्स जुन्या प्रोजेक्टमधून उचललेले, जुन्या चिपवर! फाइलमध्ये याचा कुठे उल्लेखच नाही.

सर म्हणाले, "अगं पण एवढी छोटी पी व्हॅल्यू, योगायोग कसा असेल?" म्हटलं सर, योगायोग नाहीच, फरक खराच आहे, फक्त तो आजाराचा नाही, चिपचा आहे. शंभरी गाठलेल्यांवरचा २०१० चा सायन्समधला पेपर दाखवला, त्यातही चिपची अशीच भानगड होती आणि २०११ मध्ये तो मागे घ्यावा लागला. तरी पटेना. शेवटी आमच्या केसेसमधले थोडे सॅम्पल सिक्वेन्स करून (डीएनएची अक्षरं थेट वाचून) घेतले, बरेचसे "एए" प्रत्यक्षात एजी निघाले.

सर आता कंट्रोल्स नव्या चिपवर पुन्हा तपासायला बजेट मागतायत.