ब्रोकोलीचा दांडा मला द्या

हिवाळ्यात जळगावच्या बाजारात ब्रोकोली घेताना भाजीवाले मामा तोलण्याआधीच विचारतात, "ताई, दांडा छाटून टाकू?" मी नकोच म्हणते. वरची दोरेदार साल सोलली की आत फिकट हिरवा, करकरीत गर निघतो. चवीला थेट नवलकोल! आणि का नसावी? कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या लेखी एकाच जातीची, ब्रासिका ओलेरेसिया. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत कुणाची पानं वाढवली, कुणाचा दांडा, कुणाचा फुलोरा.

ब्रोकोलीचा आपण फुलोराच खातो. गड्डा डोळ्यांजवळ धरून बघा, प्रत्येक हिरवा दाणा म्हणजे मिटलेली कळी. कळ्या घट्ट असतील तरच घ्या. पिवळी झाक दिसली तर त्या उमलायला लागल्यात, चव उतरलेली असणार. थंडीचं पीक हे. आपलं ऊन तापायला लागलं की गड्डे सैल पडतात.

आपल्या खान्देशात भाजी घोटून मऊ करायची सवय. भरताच्या वांग्याला ते शोभतं, हिला अजिबात नाही. १०० ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत साधारण ८९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्याहून जास्त. उकळून पाणी ओतून दिलं की त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर गेलं. म्हणून चार-पाच मिनिटं नुसती वाफ द्या. रंग भडक हिरवा झाला की उतरवा. त्यापुढे ती मळकट होते आणि गंधकाचा उग्र वास सुटतो.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ब्रोकोली चिरली की तिच्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि सल्फोराफेन नावाचं द्रव्य तयार होतं. शास्त्रज्ञ त्याचा बराच अभ्यास करतात. आचेने ते एन्झाइम निकामी होतं, म्हणून चिरून अर्धा-पाऊण तास ठेवावी, मग वाफवावी. घाई असेल तर कच्च्या मोहरीची पूड वरून घाला, मोहरीतही तेच एन्झाइम आहे. फोडणीतली मोहरी इथे उपयोगाची नाही, ती तापलेली.

मी वाफवलेले तुरे आणि दांड्याच्या चकत्या कोमट होऊ देते. मग फेसलेली मोहरी, मीठ, लिंबू आणि जाडसर दाण्याचा कूट. कळण्याच्या भाकरीबरोबर आमच्याकडे पातेलं पुसून खातात. गड्ड्याभोवतीची कोवळी पानंही टाकत नाही, लसूण-मिरचीवर परतते.