रॉटनच्या वटवाघळासाठी सहा हेलपाटे

अर्जाला रेड लिस्टचं, म्हणजे कोणता जीव किती धोक्यात आहे ते सांगणाऱ्या जागतिक यादीचं, पान जोडलं आणि तिथंच माझं घोडं अडलं.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी रॉटनचं वटवाघूळ निवडलं. आमच्या बेळगावकडच्या, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातलंच जनावर, भीमगडच्या रानात बारापेडे गुहांत राहणारं. विषय, गाईड, कॉलेजचं पत्र सगळं आठवड्यात झालं. राहिली होती गुहेच्या तोंडाशी बसून मोजणी करायची परवानगी.

वनखात्याच्या कचेरीतल्या साहेबांनी पान चाळलं आणि ‘डेटा डेफिशियंट’वर, म्हणजे ‘अपुरी माहिती’वर, बोट ठेवलं. "म्हणजे धोक्यात नाही. मग मोजायचं कशाला?"

मी समजावत राहिले. रेड लिस्ट काढते ती आययूसीएन ही जागतिक निसर्गसंस्था; तिच्या यादीत धोक्यातले वर्ग तीनच: अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ जास्त असेल त्यात, संख्या ८० टक्के घटली तर पहिला, ५० टक्क्यांना दुसरा, ३० ला तिसरा. वावराचा प्रदेश किती लहान, उरलेत किती, यावरूनही वर्ग ठरतो. ‘अपुरी माहिती’ ही या शिडीची पायरीच नव्हे. ठरवायला आकडेच नाहीत, एवढाच तिचा अर्थ. हे वटवाघूळ आधी अतिसंकटग्रस्तांतच होतं. पुढं ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं, पण एकूण आहेत किती, घटतायत का, हे कोण सांगणार? म्हणून तर मोजायचं!

"नाळे बन्नी," साहेब म्हणाले. तो ‘उद्या’ पाच वेळा आला. दुसऱ्या खेपेला तर अर्जच सापडेना. पहिल्याच दिवशी आवक क्रमांक लिहून घ्या, मी घेतला नव्हता. परतीच्या एसटीत डोळ्यांत पाणी यायचं. मोजलं नाही म्हणून माहिती नाही, आणि माहिती नाही म्हणून मोजू देत नाहीत!

सहाव्या खेपेला शेजारच्या बाईंकडून कन्नडात एक पानाचं टिपण लिहून नेलं. सगळ्यात वर वन्यजीव कायद्याची पहिली अनुसूची, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या जीवांची यादी, त्यात या वटवाघळाच्या नावाखाली लाल रेघ. दहा मिनिटांत सही. तुम्हीही अनुसूचीच वर लावा, रेड लिस्ट मागं.

त्या संध्याकाळी मी गुहेच्या तोंडाशी वनरक्षक मामांशेजारी बसले होते. अंधार पडता पडता पहिलं बाहेर आलं, पुढं झुकलेले मोठाले कान, अरुंद लांब पंख. माझा अंगठा काउंटरच्या बटणावर थरथरत होता.

एका मोजणीनं घट कळत नाही. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागी पुन्हा बसायचंय. अर्ज आताच लिहून ठेवलाय, कन्नडात.