एकेकटे शहाणे

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले, की जेवणं उरकल्यावर ओट्यावर हा प्रश्न हमखास निघतो. "तुमच्याकडची माणसं बोलायला एवढी हुशार, मग वागताना अशी मूर्खासारखी का वागतात?" बोंडअळी, कर्ज, लग्नातला खर्च असं काहीबाही त्यांनी पेपरात वाचलेलं असतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात माझं कृषी केंद्र, म्हणजे बी-खताचं दुकान आहे. काउंटरच्या अलीकडून माणूस बराच कळतो. मूर्ख कास्तकार मला तिथे क्वचितच भेटला. भेटतो तो पक्का हिशेबी.

बीटी कपाशीचंच घ्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष जिच्या झाडातच असतं ती. पूर्वी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची छोटी पिशवी यायची. ते बी वावराच्या कडेनं लावायचं. त्यावर साध्या अळ्या पोसल्या जातात, त्यांचे पतंग बीटी पचवून जगलेल्या पतंगांशी जुळतात, आणि पुढच्या पिढीवर बीटीचा मारा चालत राहतो. मी हे सांगायचो, लोक मान डोलावून ऐकायचे, आणि छोटी पिशवी काउंटरवरच ठेवून जायचे. एक जण म्हणाला, "मी काहून माह्या वावरात अळ्यायले जेवू घालू? बाजूवाला लावते ना." बाजूवालाही सकाळी हेच बोलून गेला होता.

यात मूर्ख कोण? एकट्याचं गणित तपासा, बरोबर येतं. कडेच्या ओळी वाया जाणार त्याच्या आणि फायदा मिळणार साऱ्या शिवाराला. पण साऱ्या शिवारानं तेच गणित मांडलं. वर फरदड आहेच. डिसेंबरात उपटायची पऱ्हाटी आणखी एखाद-दोन वेचे निघतील म्हणून मार्चपर्यंत उभी ठेवायची. गुलाबी अळीच्या मुक्कामाची सोय झाली. २०१७ साली तिनं विदर्भात बोंडं आतून पोखरली तेव्हा हिशेबी आणि बेहिशेबी सगळे एकाच रांगेत बसले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे गोठाच रिकामा झाला. पुढे बिगर-बीटी बी मुख्य पाकिटातच मिसळून यायला लागलं. वेगळी पिशवी कोणी लावत नाही, हे एकदाचं मान्य झालं म्हणायचं.

पाहुण्यांना आमचा मूर्खपणा मात्र भलतीकडेच दिसतो. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याचा करवा, भोवती धान्यं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत. पाहुणे यावर खूप हसतात. आमची माणसंही ते भाकीत चवीनं वाचतात, दोन दिवस चर्चा करतात, आणि पेरणी जमिनीत ओल किती गेली ते बघूनच करतात. त्या भाकितावर वावर पेरणारा गिऱ्हाईक मी पाहिलेला नाही.

खरं नुकसान चारचौघांत होतं. पोरीच्या लग्नाला कर्ज काढू नये हे कोणाला कळत नाही? दुकानात उधारी मागायला आलेला माणूस स्वतःच मला पटवून देत होता, डीजे कसा फालतू, हजार पानांची पंगत कशी फालतू. मग करता कशाला? "सर, मले सबन समजते. पन पयला कोन होईन?"

माझ्या मते सगळी मेख या "पयला कोन" मध्ये आहे. आमच्याच तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी ती ओळखली होती. स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी गोड जेवण घातलं, म्हणजे पहिले ते स्वतः झाले. पण पुढे कीर्तनात जे केलं ते मला जास्त हुशारीचं वाटतं. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, मिळवून ऐका. बाबा उपदेश करतात त्याहून जास्त प्रश्न विचारतात. साधे, अडाण्यासारखे प्रश्न. लोक एका सुरात उत्तर देतात. कर्ज काढून सण करू नये, हे बाबांनी सांगितलं तर ते एका बुवाचं मत. तेच शेजाऱ्याच्या तोंडून, सोयऱ्याच्या तोंडून, भर गर्दीत ऐकलं, की मग पहिलं कोणी उरतच नाही. सगळे एकदम बोललेले असतात.

आमच्याकडे बोंडअळीच्या सभा होतात. पाहुणे खुर्चीवर, कास्तकार सतरंजीवर, तासभर भाषण, चहा, हजेरीपटावर सही. सांगतात ते सगळं बरोबर असतं आणि ते ऐकणाऱ्यांना आधीच पाठ असतं. "डिसेंबरात पऱ्हाटी कोण कोण उपटणार, हात वर करा," असं मात्र मी हजर असलेल्या एकाही सभेत कोणी विचारलेलं नाही. यंदाच्या सभेला मी हा प्रश्न विचारायचं ठरवलंय. माझं स्वतःचं चार एकर आहे, तेव्हा हात आधी मलाच वर करावा लागेल. बायको म्हणते, फरदडीचे पैसे बुडतील. तिचा हिशेब बरोबर आहे.