सोलून देऊ का ताई?

परवा नागपुरात धरमपेठेतल्या एका पार्लरमधे भुवया करायला गेले होते, येता येता घेतलेली संत्र्याची पिशवी पायाशी, आणि तिथली पोरगी धागा ओढता ओढता म्हणते, "ताई, पील करून देऊ का?" मी म्हटलं नको बाप्पा, घरी जाऊन खाईन. ती पाहतच राहिली.

मग तिनं समजावलं. ग्लायकोलिक ॲसिड लावतात म्हणे, उसात असतं तेच, वरचा मेलेला थर सुटतो न खालची नवी कातडी दिसते. आता ह्याला पैसे काहून द्यायचे? लहानपणी मे महिन्यात पाठभर घामोळं यायचं, ते मेलं की पापुद्रे निघायचे आणि भाऊ दुपारभर कूलरसमोर बसून ते मन लावून काढायचा, एक अख्खा निघाला की मेडल मिळाल्यासारखा दाखवायचा. फुकटात.

पण खरं सांगू, ती "चेहरा सोलून देऊ का" म्हणाली असती तर मी एक भुवई तशीच ठेवून पळाले असते. कारण सोलणं म्हटलं की आमच्या बाबांचा आवाज ऐकू येतो, "थांब, सोलूनच काढतो तुला!" पील म्हटलं की कसं एसीतलं वाटतं.

तसं आपल्याकडे भिंतीचे पोपडे निघतात, शेंगांची टरफलं असतात, नारळाला शेंडी असते, लसणाची फोलपटं पंख्यानं घरभर उडतात. आणि हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा सोलून जे दाणे निघतात ते तर सोलेच, सोले-वांग्याची भाजी इकडे कोणाला माहीत नाही? माझ्या मते सोलण्यावरूनच पडलं असणार ते नाव. आणि संत्र? ते सोलावंच लागत नाही हो. साल मुळातच ढिली, देठाजवळ अंगठा खुपसला की स्वेटर काढल्यासारखी उतरते. नागपुरी संत्र्याला 2014 साली (हे साल वेगळं) जीआय टॅग, म्हणजे ही चीज ह्याच मुलखाची असा सरकारी शिक्का, मिळाला, मी तर म्हणते अर्धा मान त्या ढिल्या सालीचाच.

इंग्रजीत मात्र सालही पील न सोलणंही पील. डोळे पील करून ठेवा म्हणजे डोळ्यात तेल घालून बघा, आणि पिझ्झा भट्टीत सरकवायचा तो चपटा फावडाही पील, पण त्याचं मूळ वेगळं. आणखी एक गंमत, रॉबर्ट पील गृहमंत्री असताना 1829 मधे लंडनचं पोलीस दल उभं राहिलं, त्याच्या आडनावावरून लोक पोलिसांना पीलर म्हणायचे. सालीचा काही संबंध नाही, पण आपल्याकडे पोलीस काय करतात विचारलं तर उत्तर तेच येईल, सोलून काढतात!

सोलण्याच्या पीलचं मूळ लॅटिन, पिलुस म्हणजे केस. म्हणजे आधी केस उपटणं, साल नंतर आली. घ्या! भुवया करायला गेले तेव्हाच माझं पील होऊन गेलं होतं की.

घरी येऊन चार संत्री खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, साली फेकू नको, गच्चीवर वाळव, दुधात कालवून तोंडाला लावू. म्हटलं आई, पार्लरमधे ह्यालाच पील म्हणतात. "म्हणू दे," त्या म्हणाल्या, "तू सूप आण."